पडलेला कडा सरकारी पैशानं परत उभा करायचा का?

जुना बुधवारकर
गेल्या साली भाचीकडं अमेरिकेला गेलो होतो. एका रविवारी ती म्हणाली, "मामा, चला, आज तुम्हाला एक नसलेली गोष्ट दाखवते." बोस्टनहून गाडीनं दोन-सव्वादोन तास, न्यू हॅम्पशायर राज्यात. तिथं एका डोंगराच्या कड्यावर ग्रॅनाइटचे पाच थर असे पुढं आले होते की ठरावीक जागेवरून बघितलं की म्हाताऱ्याचा चेहरा दिसायचा. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं जागच्या जागी. उंची साधारण ४० फूट. नाव 'ओल्ड मॅन ऑफ द माउंटन'. १९४५ पासून हे त्या राज्याचं चिन्ह. रस्त्याच्या पाट्यांवर तो, २००० साली निघालेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर तो. आणि ३ मे २००३ ला, मध्यरात्र उलटल्यावर तो अंधारात कोसळला. पडताना कुणीच बघितला नाही, सकाळी लोकांनी मान वर केली तर कडा सपाट.

मग तिथं वाद पेटला. सरकारनं तो सिमेंटचा, फायबरचा, कसला का होईना, परत बांधावा का? समिती बसली आणि ठरलं की नाही. खाली तळ्याकाठी एक छोटं स्मारक केलं. स्टीलचे दांडे रोवलेत, त्यांच्या टोकांना वेडेवाकडे आकार. आपापल्या उंचीच्या खुणेवर उभं राहून एक डोळा मिटून बघायचं, की दांड्याचं टोक बरोब्बर कड्याला भिडतं आणि चेहरा जागेवर दिसतो.

माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. निसर्गानं घडवलं, निसर्गानं पाडलं, त्यात करदात्याचा रुपया घालायचं काम नाही. परवा रंकाळ्यावर फिरताना हे बोललो, तर आमच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक अंगावर आले. म्हणून इथं टाकतोय. बोला.

रंकाळावेडी
काका, मी त्या अंगावर येणाऱ्या निम्म्यातलीच समजा.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी आणि बाबा खासबागेच्या बाजूनं उभे होतो. बाबांनी तिथं कितीतरी नाटकं पाहिलेली. घरी आल्यावर त्यांनी चपला धुतल्या नाहीत, राखेसकट दाराआड ठेवल्या. त्या दिवसात "लाकूडच ते, जळणारच, सोडून द्या" असं कोल्हापुरात एक माणूस तरी म्हणाला का? सगळ्यांचं एकच, जसं होतं तसं उभं करा, आणि सरकारनंच करा. मग त्या लोकांना त्यांचा म्हातारा परत हवासा वाटला तर चुकलं काय? आपलं ते दुःख आणि त्यांचा तो नुसता दगड?

सिव्हिलवाला
ताई, भावना मान्य, पण तुलना बसत नाही. नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधून घेतलं. त्याला मोजमाप आहे, भिंत आहे, पाया आहे. जे माणसानं बांधलं ते माणूस परत बांधू शकतो. कड्याला नकाशा नसतो.

त्या म्हाताऱ्याचंच बघा. भेगेत पाणी शिरायचं, थंडीत त्याचा बर्फ व्हायचा, बर्फ फुगून भेग थोडी रुंद करायचा. हजारो हिवाळे हेच. त्यातून तो तगला तो नशिबानं. १९१६ साली पहिल्यांदा वर लोखंडी आवळण्या बसवल्या. १९५८ साली विधिमंडळानं मंजूर केलेल्या २५,००० डॉलरमधून भेगांत सिमेंट भरलं, सळया टाकल्या, वरचं पाणी वळवायला गटार काढलं. त्यानंतर नील्सन नावाचे बाप-लेक दर उन्हाळ्यात दोरीला लोंबकळून भेगा बुजवायचे. एवढं करून पडला तो पडलाच. परत बांधला असता तरी पाणी आणि बर्फ तेच. म्हणजे बांधायचा खर्च एकदा आणि सांभाळायचा खर्च कायमचा. टेंडर काढणाऱ्याला दुसरा आकडा कधी दिसत नाही.

कट्ट्यावरचा
टेंडर म्हटल्यावर आठवलं. मालवणचा शिवरायांचा पुतळा ३५ फुटी होता. ऑगस्ट २०२४ ला पडला, पुढच्या मे महिन्यात ६० फुटी उभा. आपल्याकडं पडलेली वस्तू परत उठताना वाढूनच उठती. तो म्हातारा आपल्याकडं असता तर आता त्याला फेटा आणि लेझर शो असता. 😀

पन्हाळकर
लई हसू नका भावांनो, इथं पोटाचा विषय आहे.

जुलै २०२१ ला पन्हाळ्याच्या चार दरवाजाजवळ रस्ता खचला. गडावर यायची गाडीवाट तीच. गाडी वर येईना म्हटल्यावर पर्यटक येईना, पर्यटक येईना म्हटल्यावर आमची झुणका-भाकरीची चूल पेटंना. कित्येक महिने. ताक नासाय लागलं म्हणून करायचंच बंद केलं. घोडेवाल्यांचे हाल तर इचारू नका. त्यावेळी "निसर्गानं पाडलं, निसर्ग बघंल" म्हणून सगळी गप्प बसली असती तर आम्ही काय खायचं हुतं? सरकारनं पैसा घातला, रस्ता झाला, चूल पेटली. त्या गोऱ्या लोकांच्या डोंगराखाली बी कुणीतरी टपरीवाला असंलच की. त्याचा इचार कोण करणार? नाक्यावर पर्यटकाकडनं कर घेताना तुम्हाला दगड गोड वाटतो, मग त्यो पडल्यावर कडू कसा झाला?

जुना बुधवारकर
पन्हाळकर, रस्त्याला माझा विरोध कधीच नाही. वर माणसं राहतात, शाळा आहे, दवाखान्याला खाली यावं लागतं. तो रस्ता चौपट खर्च करूनही बांधलाच पाहिजे. मी बोलतोय ते देखाव्याबद्दल.

आणि देखावा गेला की धंदा जातोच असं नाही. माल्टा देशात गोझो बेटावर समुद्रात चुनखडकाची २८ मीटर उंच कमान होती, 'अझुर विंडो'. ८ मार्च २०१७ ला वादळात सकाळी पडली. खालचा खांब आणि वरची तुळईसारखी शिळा, दोन्ही गेलं. एका रशियन वास्तुविशारदानं त्या जागी चकचकीत स्टीलची कमान सुचवली होती. झाली नाही. आज लोक पाण्यात बुडी मारून त्याच कमानीचे तुकडे बघायला जातात. ऑस्ट्रेलियात 'बारा प्रेषित' म्हणून समुद्रातले सुळके आहेत, त्यातला एक २००५ साली कोसळला. बारा तर कधी नव्हतेच. नाव तेच आहे, गर्दीही आहे.

रंकाळावेडी
काका, तुमच्या त्या "निसर्गानं घडवलं"वर मला एक विचारायचंय. १९१६ ला लोखंड, १९५८ ला सिमेंट, नंतर दरवर्षी लांबी भरणं. मग २००३ साली जो पडला तो निसर्गाचा होता की सार्वजनिक बांधकामाचा? जवळजवळ ९० वर्षं माणसं त्याला धरून होती. धरून ठेवायला सरकारी पैसा चालतो, आणि हात सुटल्यावर एकदम "निसर्गाची इच्छा"? ही सोयीची श्रद्धा झाली.

आपला रंकाळा घ्या. दगडाची खाण होती, भूकंपानं खचली आणि पाणी लागलं असं सांगतात. पुढं माणसांनी बांध घातला, घाट बांधले. त्यातला निसर्ग किती आणि माणूस किती हे वेगळं करून दाखवा. उद्या त्याचा बांध फुटला तर "मूळची खाणच ती" म्हणून कोरडा ठेवणार?

सिव्हिलवाला
हा मुद्दा तुमचा खरा आहे. मला उत्तर सुचायला चहा घ्यावा लागला.

असं म्हणतो. धरून ठेवणं आणि नक्कल करणं ही दोन कामं आहेत. आजीचा दात हलत असेल तर डॉक्टरकडं नेऊ. पण आजी गेल्यावर तिच्यासारखी मेणाची बाई खुर्चीत बसवणार नाही. नायगाराचं उदाहरण आहे. अमेरिकेच्या बाजूच्या धबधब्याखाली दरडीचा ढीग साठला, देखावा बिघडला म्हणून ओरड झाली. १९६९ साली जून ते नोव्हेंबर, लष्कराच्या अभियंत्यांनी वर बांध घालून तो अख्खा धबधबा कोरडा पाडला आणि खडक तपासला. शेवटी निर्णय काय, तर दगड तिथंच राहू देत. तपासायला पैसा घातला, नटवायला नाही. मला हे पटतं.

हिशेबी
भावनेचं सोडा, लोकांना किती हवं होतं ते खिशावरून कळतं. त्या म्हाताऱ्याच्या स्मारकाचा पुढचा टप्पा होता, भल्या मोठ्या दगडी शिळा उभ्या करायचा. देणग्या पुरेशा जमल्या नाहीत, सोडून द्यावा लागला. रडणारे लाख, देणारे थोडे. ज्याला पुतळा, कडा, कमान हवी त्यानं वर्गणी काढावी.

रंकाळावेडी
वर्गणीवरच जग चाललं असतं तर राधानगरी धरण झालं असतं का? वर्गणीत जे पैसेवाल्यांना आवडतं तेवढंच उभं राहतं. झुणका-भाकरवाल्याच्या मनात काय आहे ते पावतीपुस्तकात येत नाही हो.

हिशेबी
धरणानं पाणी दिलं. चेहऱ्यानं काय दिलं?

पन्हाळकर
गिऱ्हाईक.

सिव्हिलवाला
😀 पन्हाळकरांनी एका शब्दात गार केलं.

पण खरा गुंता पन्हाळ्यावरच आहे, आणि त्यावर इथं कुणी बोललं नाही. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, पन्हाळा त्यात आहे. यादीतलं नावच 'लष्करी भूदृश्य' असं आहे, म्हणजे नुसती तटबंदी नाही, डोंगरासकट. आता तटबंदी माणसाची आणि खालचा कडा निसर्गाचा. वर जांभा, खाली काळा खडक, आणि मधे कुजलेल्या खडकाची चिकणमाती. जांभा पाणी स्पंजासारखा पितो, ते मातीपर्यंत जातं, माती साबणासारखी होते आणि वरचं सगळं सरकतं. तट पडतो तो बऱ्याचदा दगड सुटला म्हणून नाही, तर खालची जमीन निसटली म्हणून. अशा वेळी नुसता तट परत रचला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा खाली. आणि कडा आधाराला घ्यायचा तर जाळ्या, खिळे, काँक्रीट. मग म्हणाल किल्ला विद्रूप केला. जुना बुधवारकर, इथं तुमची "देखावा की रस्ता" ही रेघ कुठून ओढणार?

जुना बुधवारकर
ओढता येत नाही, कबूल. तट गेला तर बांधा म्हणेन. कडा गेला तर... तटाखालचा असेल तर बांधा म्हणेन. माझी माघार एवढीच लिहून घ्या. तरी नुसत्या चेहऱ्यासाठी नाहीच.

पन्हाळकर
माघार-बिघार ऱ्हाऊ द्या. साहेब म्हणाले पाणी मुरतंय, तर आमच्या टपरीमागं दगडी चर आहे, जुना. त्यात पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, लग्नाच्या फोटोवाल्यांनी टाकलेले फुगे. पावसात तुंबतंय आणि सगळं पाणी तटाच्या अंगावर. गेल्या आषाढात मी आणि शेजारच्या मावशीनं काठीनं दोन पोती काढली. ते काढाय कुणाचा पैसा लागतो ते सांगा, मग कडा बांधायचं बोलू.

सिव्हिलवाला
जूनच्या आधी मी येतो. पहार आणि चार पोरं घेऊन. ताक लागंल.

रंकाळावेडी
मीही येते. काका, जाता जाता एकच. त्या दांड्यांसमोर खुणेवर उभे राहिलात, तेव्हा चेहरा दिसला का तुम्हाला?

जुना बुधवारकर
आधी भाचीच्या उंचीच्या खुणेवर उभा होतो, काहीच दिसेना. तिनं हाताला धरून मागं सरकवलं. मग दिसला. नाक एकदम धारदार.

रंकाळावेडी
म्हणजे बांधलाच की त्यांनी.

हिशेबी
खालच्या फरशांवर कुणाची नावं होती ते विचारा त्यांना.

जुना बुधवारकर
देणगीदारांची.