स्वस्त म्हणून सेसना १५० घेण्याआधी
‘गवताच्या धावपट्टीला सेसना १५० हे छोटं दोन आसनी विमान पुरेसं’ असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. स्वस्त आहे, खरंय. पण ते शंभर अश्वशक्तीचं इंजिन पुण्याच्या उन्हात धरून बघा: समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५६० मीटर, तापमान ३८ अंश, म्हणजे विमानाला हवा पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. त्यावर ब्रिटिश विमान प्राधिकरणाचा हिशेब असा, की पक्क्या धावपट्टीच्या तुलनेत कोरड्या गवतावर उड्डाणासाठी लागणारं अंतर २० टक्के वाढतं, ओल्यावर ३०.

हडपसरच्या ग्लायडिंगच्या (बिनइंजिनाच्या विमानांच्या) मैदानावर पावसानंतर चाललोय मी. दिसायला सपाट हिरवळ, पण टाच रुतते. तिथे सेसना १५० सारखं नाजूक पुढचं चाक नकोच. मी शेपटीला चाक असलेलं जुनं विमान शोधेन आणि चाकांवरची आवरणं आधी काढून टाकेन. त्यांत चिखल-गवत गच्च बसतं.