डिझेल व्हॅनचे इंजिन बदलावे की दुरुस्त करावे?

प्रश्न (नाशिककर):
पिंपळगाव बसवंतहून मुंबईला भाजी नेणारी माझी छोटी डिझेल व्हॅन परतीच्या कसारा घाटात दम टाकते, निळा धूर सोडते आणि गरम झाल्यावर लवकर चालू होत नाही. स्थानिक गॅरेजवाले दुसऱ्या गाडीचे जुने इंजिन बसवण्याचा सल्ला देत आहेत. तो मानावा का?

उत्तर (सातपूरचा मेकॅनिक):
निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, परंतु केवळ त्यावरून इंजिन बाद ठरवू नये. आधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजून घ्यावे, कारण दोष पिस्टनच्या रिंगांचा, व्हॉल्व्ह सीलचा (व्हॉल्व्हजवळ ऑइल अडवणारे सील) किंवा टर्बोचाही (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) असू शकतो. सील गेले असतील तर खर्च किरकोळ असतो.

उत्तर (पंचवटीकर):
बदलायचेच ठरले, तर त्याच मॉडेलचे इंजिन घ्यावे, म्हणजे माउंटिंग (इंजिन ज्या आधारांवर बसते ते) आणि वायरिंगची कटकट टळते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओची मंजुरी घेऊन नोंदणी प्रमाणपत्रात नवा इंजिन क्रमांक चढवावा आणि विमा कंपनीलाही कळवावे. विक्रेत्याकडून मूळ वाहनाची कागदपत्रे व बिल मिळत नसेल, तर इंजिन कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आधी कॉम्प्रेशन तपासतो.