दातांच्या दवाखान्याच्या जिन्यावरून दोनदा परत आलोय

सिंहगडवारी:
वय ४७, सहकारनगर. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो, पण दातांच्या डॉक्टरांचा एक मजला चढवत नाही. खालची उजवी दाढ किडलीये, रूट कॅनॉल सांगितलंय. दोनदा जिन्यावरून माघारी फिरलो. दुसऱ्यांदा तर खाली येऊन पेरू घेतला आणि डाव्या बाजूने खाल्ला.

कारण मला माहितीये. चौथीत असताना पेठेतल्या एका दवाखान्यात बधिर व्हायच्या आतच दाढ उपटली होती. कंपाउंडरने हात धरलेले, तोंडाने "झालं, झालं". झालं काहीच नव्हतं. तेव्हापासून लवंगेचा वास आला तरी तळहाताला घाम फुटतो. मसालेभात केला की बायको माझ्या ताटातल्या लवंगा वेचून काढते. (हसा.)

या वयात डॉक्टरांना "भीती वाटते" हे सांगायचं कसं? आणि सांगून काही उपयोग होतो का?

नळस्टॉपकर:
पेरू चावतोय म्हणजे अजून वेळ आहे, असं समजू नका. मी समजलो होतो. गणपतीत गाल सुजला, मोदक चमच्याने खाल्ले.

दाढेचीडॉक्टर:
मी दंतवैद्य आहे. फोनवर वेळ घेतानाच सांगून टाका, खुर्चीत बसल्यावर जीभ उचलत नाही. आम्हाला हे रोजचं आहे. भीती मोजायला पाच प्रश्न असतात: उद्या जायचंय, बाहेर बसलाय, दात कोरणार, दात साफ करणार, हिरडीत इंजेक्शन देणार. प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या. बेरीज १९ किंवा वर गेली तर भीती खूपच आहे म्हणायचं.

तो वास युजेनॉलचा, म्हणजे लवंगेच्या तेलातलाच. तात्पुरत्या सिमेंटमध्ये असतो. त्याच्याशिवायचं सिमेंटही मिळतं, मागून घ्या.

महत्त्वाचं म्हणजे सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिरतेचं औषध नीट लागत नाही. तेव्हा ठणका लागायची वाट पाहू नका. अर्धा ओठ जड झाल्याशिवाय सुरू करू देऊ नका, आणि तरी दुखलं तर सांगा, आणखी देता येतं. डावा हात वर केला की मशीन बंद, हे आधीच ठरवा. इंजेक्शननंतर छातीत धडधडलं तर ते बहुतेक वेळा त्यातल्या अ‍ॅड्रिनॅलिनमुळे असतं, काही मिनिटांत ओसरतं. बीपीची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा. आणि उपाशीपोटी जाऊ नका.

सिंहगडवारी:
दात साफ करायला २, बाकी चारही ५. बेरीज २२. बायको म्हणाली, दहावीनंतर पहिल्यांदाच कशात तरी वरचा नंबर.

फोन केला. पलीकडची मुलगी फक्त "बरं, तसं लिहून ठेवते" म्हणाली. मी उगाच तीन वाक्यं पाठ केली होती.

गुरुवारी सकाळी साडेदहा. पेरूवाला अकरानंतर येतो, ते बघून ठेवलंय.