काँक्रीट रस्त्याची जाडी कमी आहे, हे कागदोपत्री कसं दाखवायचं?

पाणंद
नमस्कार मंडळी. गावात ग्रामपंचायतीने १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद असा काँक्रीट रस्ता केलाय. अंदाजपत्रकात जाडी १५ सेंमी आणि दर्जा एम-२० (२८ दिवसांनी २० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद) आहे. एका पावसाळ्यातच वरचं सिमेंट उडून खडी उघडी पडली. मध्ये जाडी कमी असल्याचा संशय आहे, पण कडेला टेप लावला की १५ सेंमी बरोबर भरते. त्यामुळे तक्रार टिकणार नाही असं सगळे म्हणतात. अंतिम बिल अजून निघालेलं नाही. माहिती अधिकारात नेमकं काय मागावं? हा पैसा गावाचा आहे, तो असा मातीत जाऊ द्यायचा नाही.

ओळंबा
कडेची जाडी पुरावा म्हणून धरूच नका. काँक्रीट अडवायला कडेला लावलेल्या फळीलगत चर खोल घ्यायचा आणि मध्ये जुन्या रस्त्यावर पातळ थर ओढायचा, ही जुनी चलाखी आहे. टेप लावणारा कडेलाच लावतो हे त्यांना ठाऊक असतं.

आधी हिशोब करा. १०० × ३ × ०.१५ म्हणजे ४५ घनमीटर. एम-२० साठी १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाण धरलं तर घनमीटरला साधारण ८ पोती, म्हणजे एकूण ३६० पोती सिमेंट. सरासरी जाडी १० सेंमीच असेल तर काँक्रीट ३० घनमीटर आणि सिमेंट २४० पोती. बिल ४५ घनमीटरचं निघालं की १२० पोती सिमेंट आणि त्याच्या जोडीची खडी-वाळू नुसती कागदावर पडली.

खडी उघडी पडण्याचं कारण मात्र बहुतेक वेगळं आहे. माल सहज पसरावा म्हणून पाणी जास्त घालतात. एम-२० च्या प्रमाणित मिश्रणात ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं, आणि वाळू ओली असेल तर तेवढं कमी करायचं असतं. जास्तीचं पाणी वर येतं, सोबत सिमेंटचा राडा आणतं आणि तो थर कच्चाच राहतो. त्यात दोन दिवस शिंपडून पाणी मारणं बंद केलं की संपलंच. निदान १४ दिवस वाफे बांधून पाणी उभं ठेवायला हवं. तक्रारीत जाडी आणि दर्जा हे दोन मुद्दे वेगळे लिहा. एकत्र केलेत तर उत्तर फक्त सोप्या मुद्द्याचं मिळतं.

दप्तरी
माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्राच्या नियमात एक अर्ज, एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे अन्यायाची हकिगत न लिहिता कागदांची नावं लिहा: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहायची सरकारी वही) त्या कामाची पानं, चालू देयकं, सिमेंटची खरेदी बिलं, क्यूब चाचणीचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात, तिचे) अहवाल. काँक्रीट प्लँटवरून आलं असेल तर गाड्यांची चलनं मागा. ६ घनमीटरच्या गाडीने ४५ घनमीटरला ८ खेपा लागतात.

मोजमाप पुस्तिकेत तारखा बघा. काँक्रीटची नोंद सिमेंटच्या बिलाच्या आधीची निघाली तर तिथेच थांबून तेवढाच मुद्दा लावून धरा. खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून सही करायची असते. जाडीच्या रकान्यात सगळीकडे ०.१५ दिसलं की समजा, अंदाजपत्रकातले आकडे उतरवून घेतलेत. खऱ्या मोजणीत थोडंफार मागेपुढे होतंच.

क्यूबसाठी आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) बघा: ३१ ते ५० घनमीटरला ४ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब, म्हणजे १२. अहवाल ३ क्यूबचाच असेल तर बाकीचे कुठे गेले, हे विचारा.

३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

कोरकटर
कागद मिळाले तरी निर्णय होतो तो कोअरवर, म्हणजे यंत्राने भोक पाडून रस्त्यातून काढलेल्या काँक्रीटच्या गोल नमुन्यावर. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे, त्याचा अर्जात उल्लेख करा. शिवाय जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, तुमच्या समक्ष पंचनामा करून कोअर काढण्याची लेखी मागणी करा. जागा तुम्ही सुचवा: रुंदीच्या मध्यावर, लांबीत तीन ठिकाणी. ती ठेकेदाराला ठरवू देऊ नका. त्याने एक-दोन जागी माल मुद्दाम चांगला टाकलेला असू शकतो. जाडी तिथल्या तिथे मोजून पंचनाम्यात लिहून घ्या, कोअरवर तारीख आणि सह्या घ्या, मगच तो प्रयोगशाळेकडे जाऊ द्या. तीन कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या दर्जाच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम-२० ला म्हणजे सरासरी १७ आणि किमान १५ न्यूटन प्रति चौ. मिमी.

अंतिम बिल थांबवण्याचा अर्ज आजच द्या. पैसे निघून गेले की हातात उरते ती सुरक्षा अनामत, आणि दोष दायित्वाची (ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची) मुदत संपली की तीही जाते.

पाणंद
खूप आभार. एक राहिलं. रस्ता आता घरांच्या उंबऱ्यांपेक्षा वर आलाय, पावसाचं पाणी ओसरीत शिरतं. याचा काही उपयोग होईल का?

ओळंबा
हा तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा ठरू शकतो. अंदाजपत्रकात खोदाईची बाब आहे का बघा. समजा ३० सेंमी खोदाई दाखवून त्यावर मुरुम, सोलिंग (दगडांचा थर) आणि काँक्रीट मिळून ३० सेंमीच भरायचं असेल, तर पातळी होती तिथेच राहायला हवी. ती वर आली असेल तर खोदाई पुरी झाली नाही, आणि ९० घनमीटर खोदाईचं बिल तपासावं लागेल. उंबऱ्यांना टेप लावून फोटो काढा, जुने फोटो मिळाले तर जोडा. कोअरच्या भोकातून खाली काय दिसतं तेही पंचनाम्यात घ्या. मुरुमाऐवजी जुनं काँक्रीट लागलं, तर खोदाई आणि भरणा दोन्ही खोटे.

दप्तरी
आणखी एक: हाच रस्ता दुसऱ्या योजनेत वेगळ्या नावाने आहे का बघा. एकीकडे ‘मारुती मंदिर ते शाळा’ आणि दुसरीकडे ‘शाळेपासून मंदिराकडे जाणारा रस्ता’ अशी नावं असतात. पंधराव्या वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर दिसतो. आमदार निधीच्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे असते, त्यासाठी वेगळा अर्ज करा.