मदत हवी आहे: वसईतल्या जुन्या चर्चची दुरुस्ती आणि रॅम्प, निधी कसा उभारावा?

बावखलकर:

नमस्कार मंडळी,

मी वसईतल्या एका जुन्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजाच्या) बांधकाम समितीवर आहे. फादर आणि पॅरिश कौन्सिल यांचा निर्णय अजून व्हायचाय, म्हणून चर्चचं नाव देत नाही.

इमारत पोर्तुगीज काळातली, पुढे बरीच डागडुजी झालेली. दगड-चुन्याच्या जाड भिंती, छपराला सागवानी कैच्या (तिकोनी लाकडी सांगाडे), वर मंगलोरी कौलं. पन्हळी फुटल्यात, त्यामुळे पावसाचं पाणी भिंतीत मुरतं. त्यात पूर्वी कधीतरी आतून सिमेंटचा गिलावा केलाय. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला बघते, सिमेंट तिला अडवतं, मग ती वर चढत जाते. वेदीच्या डाव्या अंगाला बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा सुटतो आणि मिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागते. भिंतीत गेलेल्या कैच्यांच्या टोकांना वाळवी लागलीय.

त्याहून जास्त मला पायऱ्यांचं लागून राहिलंय. पुढच्या दाराला पाच पायऱ्या, जोतं अडीच फुटांचं. रविवारी मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) वयस्कर माणसांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरं उचलून आत नेतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, खुर्चीत बसलेल्या आजी डोळे मिटून घेतात. काहींनी तर यायचंच सोडलं. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देतात, पण आयुष्यभर ज्या बाकावर बसलो तिथे चारचौघांत बसता यावं, एवढं तरी त्यांना मिळायला हवं.

1:12 चा उतार धरला तर अडीच फुटांना 30 फूट रॅम्प लागतो, शिवाय मध्ये थांबायला सपाट टप्पा. पुढून केला तर दर्शनी भाग झाकला जाईल. म्हणून बाजूच्या दाराला, जुन्या भिंतीपासून सुटा आणि उद्या काढता येईल असा करायचा विचार आहे.

देणगीदार आहेत आणि मनाने मोठे आहेत. पण ग्रॅनाइटची वेदी, नवी झुंबरं यांसाठी लोक चटकन पुढे येतात, पन्हळी आणि रॅम्पसाठी कोणी नाही. खासदार निधी प्रार्थनास्थळाच्या आत वापरता येत नाही. कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चना पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, आणि जिथे रोज मिस्सा होते ते आमचं चर्च कुठल्याच यादीत नाही. याचं फार वाईट वाटतं.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी चर्चला मिळू शकतो का? आणि आखातात, कॅनडात असलेल्या आमच्या मुलांकडून पैसे कसे घ्यावेत?

चुनासुरखी:

जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो, म्हणून लिहितोय.

कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये ऐतिहासिक इमारतींचं जतन येतं, त्यामुळे दार बंद नाही. मुंबईत काळा घोड्याजवळचं केनेसेथ इलियाहू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) 2019 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, त्यात जेएसडब्ल्यू फाउंडेशनचा मोठा वाटा होता. पण बऱ्याच कंपन्या धर्मस्थळ म्हटलं की बिचकतात. म्हणून अर्जात इमारतीचा इतिहास, तिची आजची अवस्था आणि सर्वांसाठी खुला प्रवेश हे पुढे ठेवा. असा निधी घ्यायला ट्रस्टची सरकारकडे सीएसआर-1 नोंदणी लागेल, ती आधी बघा.

परदेशातल्या पैशांचं नीट सांभाळा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्याचे मात्र धरले जातात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. त्यासाठी एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. दोन्ही पैसे एका खात्यात मिसळू नका.

आणि कळकळीचं एक: सगळ्या कामाचा एकच मोठा आकडा लोकांपुढे ठेवू नका. आधी जतनतज्ज्ञाकडून मोजमापाचे नकाशे आणि पाहणी अहवाल करून घ्या, त्याच्याशिवाय कोणी मोठी रक्कम देणार नाही. मग छप्पर आणि पन्हळी. सिमेंट काढल्यावर भिंत सुकायला वेळ द्या, चुन्याचा गिलावा त्यानंतर. रॅम्प भिंतीपासून सुटा आहे, तर त्याला थांबायची गरज नाही. तो आधी करा.

बावखलकर:

मनापासून आभार. रॅम्प आधी करता येईल हे आम्हाला सुचलंच नव्हतं. चर्चचा सण जवळ आलाय, तेव्हा सगळं गाव जमतं. फक्त रॅम्पचा खर्च वेगळा काढून त्या दिवशी लोकांसमोर मांडतो. आखातातली बरीच मुलं भारतीय पासपोर्टवरच आहेत, त्यांच्याशी या आठवड्यात बोलतो.

अजून एक: वसई-पालघर भागात चुन्याचं काम खरोखर येणारे गवंडी कोणाच्या ओळखीचे आहेत का? आमच्याकडे येतो तो प्रत्येक जण सिमेंटचाच भाव सांगतो. असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.