खोकला आला की लघवी निसटते, डॉक्टरांना सांगू कसं?

मालवीण (इंदूर):
वय 54, रामबागेत राहते. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, धाकटा चार किलोंचा होता. गेल्या दिवाळीपासून खोकला आला, शिंक आली, भरलेली बादली उचलली, की लघवी निसटते. थेंबभर नाही, परकर ओला होतो. जुन्या सुती साडीच्या घड्या करून ठेवल्यात, पर्समध्येही दोन असतात. मंगळवारच्या भजनाला दाराशी बसते, दुपारनंतर पाणी पीत नाही. परवा टाळ वाजवताना ठसका लागला. सतरंजी ओली झाली असेल या धास्तीने सगळ्या गेल्यावर उठले.

बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला दवाखान्यात गेले, तेव्हा विषय काढला. पडद्यापलीकडे चार माणसं, समोर मुलाच्या वयाचे डॉक्टर. "लघवीची थोडी तकलीफ आहे" एवढंच तोंडातून निघालं. "उम्र के साथ होता है" म्हणाले, की पुढचा नंबर. माझ्या सासूबाई याच पायी शेवटची दहा वर्षं कुठल्या लग्नाकार्याला गेल्या नाहीत. मला तसं घरात बसायचं नाही.

लष्करवाली (ग्वाल्हेर):
ताई, माझं वेगळं होतं. खोकून काही नाही, पण घराच्या कुलपाला किल्ली लावली की एवढी घाई, दोनदा उंबऱ्यातच झाली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी थांबायची सवय लावली. लागली की लगेच उठायचं नाही, आधी पाच मिनिटं, मग दहा. चहा पाच कपांवरून दोनवर आणला. दोन महिने गेले, पण फरक पडला.

सिस्टर मावशी (वडोदरा):
मालवीणताई, 26 वर्षं ओपीडीत काढली म्हणून सांगते, "तकलीफ" म्हणू नका. "खोकताना लघवी निसटते, दिवसातून इतक्या वेळा, घडी बदलावी लागते" असं कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. तीन दिवस चहा-पाणी किती, लघवीला कधी गेलात, कधी निसटली, तेही मांडा. लघवीची आणि शुगरची तपासणी मागून घ्या. लघवीत रक्त दिसलं तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तुमच्यासारख्या त्रासात पहिला उपाय व्यायामाचा. वारा सरू नये म्हणून आपण आवळतो ना, तसं आत-वर ओढायचं. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. जमेल तितके सेकंद धरून सोडायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. आणि पाणी तोडू नका, लघवी दाट होऊन आग होते, बद्धकोष्ठ वाढलं की त्रासही वाढतो.

एक विचारते, बीपीची गोळी कुठली? कोरडा खोकला आहे का?

मालवीण:
रामिप्रिल. खोकला आहे, गोळी सुरू झाल्यापासूनच. हवेचा म्हणून आलं-मध घेत होते!

सिस्टर मावशी:
त्या जातीच्या गोळ्यांनी काहींना असाच खोकला लागतो, आणि प्रत्येक उबळीला खालचे स्नायू ताणले जातात. स्वतःहून बंद करू नका हं. हेही त्याच कागदावर लिहा, डॉक्टर बदलून देतील. पाळी गेली असेल तर तेही सांगा, आत लावायचं मलमही असतं.

मालवीण:
लिहिला कागद. चौथ्या ओळीला हात थांबला होता, पण लिहिली. सोमवारी सकाळी जाते, गर्दी व्हायच्या आत.