गोफुनच्या पाकळ्यांना तडे का जातात?

पांढरा_चाफा (यवतमाळ जिल्हा):
जपानी पद्धतीनं वाशी या जपानी हातकागदावर पांढरा चाफा रंगवतो आहे. पांढऱ्या रंगासाठी गोफुन, तो बांधायला निकावा म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस. वाळल्यावर पाकळ्यांना बारीक तडे जाऊन राहिले, कडेनं पापुद्रे सुटतात. इकडे पारा ४५ वर. निकावा कमी पडतो की जास्त होतो?

शिंपला (वर्धा):
दादा, बोटाला पांढरी भुकटी लागली तर निकावा कमी. पापुद्रा उठत असेल तर निकावा जास्त, नाहीतर थर जाड. तुमचं दुसरं दिसतं. गोफुन ही शिंपल्याची पूड. ओली असताना फिकी, जवळजवळ पारदर्शक दिसते, पांढरेपणा वाळल्यावरच येतो. रंग दिसेना म्हणून हात वाढत जातो, तिथंच थर जाड होतो.

१० ग्रॅम निकावा १०० मिली पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवा. मग वाटी गरम पाण्यात ठेवून ६०-७० अंशांवर विरघळवा. उकळी आली की पकड जाते. गोफुन खलात घोटून मऊसूत करा, निकावा थेंबाथेंबानं घालत कणकेसारखा गोळा मळा आणि ताटलीत शंभरेक वेळा आपटा. हे टाळलं की आत कोरडी पूड राहते. मग कोमट पाण्यात बोटानं कालवून पातळ हात द्या. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको.

ओली_रेघ (गोंदिया):
कूलरच्या झोतात वाळवू नका, वरचा भाग आधी आवळतो आणि तडकतो. कागदाला दोसा, म्हणजे कागदानं रंग शोषू नये म्हणून द्यायचा निकावा-तुरटीच्या पाण्याचा हात, दिलाय का? १ लिटर पाणी, १५-२० ग्रॅम निकावा, ५ ग्रॅम तुरटी. रुंद ब्रशनं एक हात. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका, कागदानं लगेच शोषला तर दोसा कमी पडलाय. अंदाजानं तुरटी वाढवू नका, आम्लामुळे कागद पुढे ठिसूळ होतो. वास मारणारा निकावा फेकाच, या उन्हात तो लवकर नासतो.

पांढरा_चाफा:
दोसा दिलाच नव्हता. सुताराचा सरस चालेल का? आणि पानांत रंग पसरवायचा आहे.

शिंपला:
तो सरस तपकिरी, पांढरा मळकट होतो. निकावा नसेल तर बिनरंगी खायचं जिलेटिन बरं.

पानांसाठी तराशिकोमी करा, सतराव्या शतकात जपानी चित्रकार सोतात्सुनं गाजवलेली रीत. पहिला रंग ओला असतानाच दुसऱ्याचा थेंब सोडायचा आणि मग ब्रश लावायचा नाही. कागद जमिनीवर सपाट हवा, नाहीतर रंग एका कडेला जमतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पान बघता बघता वाळतं, म्हणून पहाटे बसा आणि एका वेळी एकच पान घ्या.